आय-लीग २ म्हणजे नेमकं काय? मोतीबागेच्या काठावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मोतीबागेच्या मैदानावर जिल्ह्याच्या फुटबॉल लीगची मॅच चालू असली आणि आपण काठाला उभे असलो, की हाफटाइमपर्यंत कुणीतरी पोरगा विचारतोच, "काका, हे जिंकले तर पुढे कुठे जातात?" सांगायला सुरुवात करावी तर शिट्टी होते, पोरगा मॅचकडे वळतो आणि उत्तर अर्धंच राहतं. गेल्या काही वर्षांत अशी अर्धी राहिलेली उत्तरं बरीच साचली. ती इथे एकदाची पुरी केली आहेत. नावं आणि निकाल २०२४-२५ च्या हंगामापर्यंतचे आहेत.

आय-लीग २ म्हणजे देशातली दोन नंबरची लीग ना?

नाही, तीन नंबरची. घोळ तुमचा नाही, नावाचा आहे. सगळ्यांत वर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. तिच्याखाली आय-लीग, तिच्याखाली आय-लीग २ आणि २०२३ पासून तिच्याखाली आय-लीग ३. मग राज्यांच्या लीग, आणि सगळ्यांत खाली आपल्यासारख्या जिल्ह्यांच्या.

एके काळी आय-लीग हीच देशातली पहिली लीग होती, तेव्हा तिची 'सेकंड डिव्हिजन' खरोखरच दुसरी होती. २०१४ मध्ये आयएसएल आली. ती काही वर्षं शेजारी बसली, मग डोक्यावर बसली. खालच्या सगळ्या एकेक पायरी उतरल्या, पाट्या मात्र जुन्याच राहिल्या. २०२२-२३ च्या हंगामापासून 'सेकंड डिव्हिजन'चं नाव बदलून 'आय-लीग २' केलं. नाव बदलायचंच होतं तर तेव्हाच घोळ निस्तरता आला असता. नाही निस्तरला.

ही सगळी भानगड सुरू कधी झाली?

आपल्याकडे फुटबॉल जुना, लीग नवी. ड्युरँड कप १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ ची. शंभर वर्षं आपण कप खेळलो. गावोगावचे संघ एका शहरात यायचे, हरले की गाडी पकडायचे. देशभरची लीग म्हणावी अशी पहिली स्पर्धा १९९६ मध्ये आली, नॅशनल फुटबॉल लीग. पहिला चॅम्पियन फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे कापड गिरणीचा संघ. लगेच पुढच्या हंगामात तिची सेकंड डिव्हिजन निघाली.

२००७ मध्ये लीगला नवं नाव मिळालं, आय-लीग. दहा संघ होते आणि पहिलं विजेतेपद गोव्याच्या डेम्पोने नेलं. २००८ मध्ये या नव्या घराची सेकंड डिव्हिजन सुरू झाली आणि ती जिंकली मुंबई एफसीने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॉरमॅट काय असतो? दर वर्षी वेगळंच ऐकू येतं.

बरोबर ऐकता. या लीगचा फॉरमॅट म्हणजे आपल्या रामदासपेठेतला रस्ता, कधी खणतील सांगता येत नाही.

ढोबळ मानाने दोन तऱ्हा. जुनी तऱ्हा अशी, की संघांचे गट पाडायचे, एकेका गटाला एकेका शहरात बोलवायचं, एक दिवसाआड मॅच खेळवून आठ-पंधरा दिवसांत गट निकाली काढायचा. गटातले वरचे संघ फायनल राउंडला, तिथून वरचा एक किंवा दोन आय-लीगला. कोविडच्या काळात तर सगळा कारभारच एका गावात आवरला. २०१९-२० ची सेकंड डिव्हिजन अर्धवट बंद पडली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोलकाता-कल्याणी भागात फक्त पात्रता फेरी झाली. ती मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकली. २०२१ ची पात्रता फेरी बंगळूरला झाली, राजस्थान युनायटेड वर गेला.

नवी तऱ्हा होम-अवेची. आय-लीग २ चे २०२३-२४ आणि २०२४-२५ हे दोन हंगाम असेच झाले. सगळे संघ एकाच टेबलात, प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्याच्या. जिंकल्यास तीन पॉइंट, बरोबरीला एक. आठ संघ धरले तर प्रत्येकाच्या चौदा मॅच, त्यातल्या सात घरी. वरचे दोन आय-लीगला जातात.

यातली चांगली कुठली? कागदावर अर्थातच होम-अवे. लीग म्हणजे तीच. सात मॅच तुमच्या गावात होतात, शाळेतली पोरं बघायला येतात, चहावाल्याचा धंदा होतो आणि कधी नव्हे ते गावाला कळतं, की आपला एक क्लब आहे. पण हिशोब मांडून बघा. एका शहरातल्या स्पर्धेत तुम्ही एकदाच तिकिटं काढता, एकदाच लॉज ठरवता. होम-अवेत सात वेळा पंचवीस माणसांची वरात घेऊन निघायचं, कधी मिझोरम, कधी दिल्ली, कधी बंगाल. नागपूर देशाच्या मधोमध, झीरो माईलचा खांब आपल्याकडे, म्हणून आपल्याला सगळीकडे जवळ पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात सगळीकडे सारखंच लांब पडतं. मुंबईलाच विदर्भ एक्सप्रेसने अख्खी रात्र जाते. गरीब क्लबला जुनी तऱ्हा परवडायची आणि चांगल्या क्लबला नवी शोभते. गरीब आणि चांगला, दोन्ही असलेल्याने काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच फॉरमॅटमध्ये नाही.

खालून वर जाऊन कुणी काही केलं का, की नुसतेच जातात आणि परत येतात?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, त्यामुळे जरा दम धरा.

मिझोरमचा आयझॉल एफसी २०१५ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून वर गेला. पहिल्याच आय-लीग हंगामात खाली घसरला. गोष्ट इथेच संपायची. पण २०१६ मध्ये गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. तोवर मुंबई एफसीने आपल्या जुन्या प्रशिक्षकाला, खालिद जमीलला, मोकळं केलं होतं. तो आयझॉलला गेला. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटची मॅच, तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध. आयझॉलला एक पॉइंट पुरे होता. आधी गोल खाल्ला, मग बरोबरी साधली, १-१. आयझॉल ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. गेल्या वर्षी ज्यांना घरी पाठवलं होतं ते देशाचे चॅम्पियन.

आता मुंबई एफसी. त्याच हंगामात तो टेबलात शेवटचा आला, घसरला आणि नंतर बंदच झाला. ज्या क्लबने २००८ ची पहिली सेकंड डिव्हिजन जिंकली त्याचा शेवट, आणि त्यांच्याकडून गेलेल्या प्रशिक्षकाचा कळस, दोन्ही एकाच पॉइंट टेबलात, वर आणि खाली. खालिद जमील पुढे २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

योगायोग म्हणाल, तर पुढच्याच वर्षी पुन्हा तेच. पंजाबचा मिनर्व्हा सेकंड डिव्हिजनमध्ये दुसरा आला होता, गोव्याची पाटी पुसली गेल्यामुळे त्यालाही वर जागा मिळाली. त्याने २०१७-१८ ची आय-लीग जिंकली. त्या वर्षी दुसरा कोण? मणिपूरचा नेरोका, जो आदल्या वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून नुकताच वर आला होता. म्हणजे पहिले दोघेही खालून आलेले. मोठ्या क्लबांचे चाहते त्या वर्षी जरा गप्प होते.

मग २०१८ मध्ये श्रीनगरचा रिअल काश्मीर. काश्मीरमधून वर गेलेला हा पहिला क्लब आणि आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा.

अगदी अलीकडचं उदाहरण बंगालच्या डायमंड हार्बरचं. आय-लीग ३ जिंकली, लगेच २०२४-२५ ची आय-लीग २ जिंकली, आणि २०२५ च्या ड्युरँड कपची फायनल गाठली. तिथे नॉर्थईस्ट युनायटेडने ६-१ असं धुतलं, ते सोडा.

महाराष्ट्राचे क्लब कुठे गेले हो?

जिने चढून गेले आणि मालकाने दिवा मालवला, बहुतेकांची कथा हीच.

महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी २००९ मध्ये सेकंड डिव्हिजनमधून रीतसर वर गेला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. मुंबई एफसीचं वर सांगितलं. पुण्याचेच भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स सेकंड डिव्हिजन न जिंकता, थेट प्रवेशाने आय-लीगमध्ये आले होते. ते जसे आले तसे गेले. मुंबईचा केंकरे २०२१ मध्ये पात्रता फेरीतून वर पोचला, २०२२-२३ च्या अखेरीस खाली आला.

यात खेळाडूंचं काही चुकलं असं मला दिसत नाही. आयझॉल हे गावाचंच नाव आहे, गाव बंद होत नाही. कंपनीचा किंवा एका मालकाचा संघ ताळेबंदातल्या एका ओळीवर उभा असतो. ती ओळ खोडली की संपलं.

नागपूरचा चॅम्पियन थेट आय-लीग २ ला का जात नाही?

कारण मध्ये दोन पायऱ्या आहेत. नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशनची लीग जिंकली म्हणजे तुम्ही नागपूर जिंकलं. नागपूरची संघटना विफाच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येते आणि तिचा कारभार मुंबईहून चालतो. राष्ट्रीय पायऱ्यांपैकी सगळ्यांत खालची आय-लीग ३. तिथे राज्य संघटनांनी सुचवलेले क्लब येतात, साधारणपणे आपल्या राज्याच्या लीगमधले वरचे. तिथे गट, मग पुढची फेरी, मग वरच्यांना आय-लीग २ चं दार.

इथे दर वेळी कुणीतरी म्हणतं, "पण रणजीत तर विदर्भ वेगळा आहे!" आहे ना. क्रिकेटमध्ये विदर्भ स्वतंत्र, म्हणून २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक आपण उचलला, २०२४-२५ ला पुन्हा. फुटबॉलमध्ये आपण महाराष्ट्राचा एक जिल्हा. राज्यांच्या संतोष ट्रॉफीतही महाराष्ट्र म्हणूनच. त्यामुळे कामठीचा रब्बानी क्लब असो की नागपूरचा कुठला, रांगेत मुंबईच्या क्लबांच्या सोबत उभं राहावं लागतं, आणि ती रांग मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या बाजूने सुरू होते. आयएसएल किंवा आय-लीगमध्ये नागपूरचा क्लब आजवर खेळलेला नाही.

कामठीच्या लोकांना हे सांगू नका, भांडतील. छावणीचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल. त्यांच्या दृष्टीने देशातली सगळ्यांत वरची लीग कामठी-नागपूर मॅच हीच.

मैदानावर जिंकलं की झालं, की अजून काही लागतं?

कागद लागतात, बाप्पा. भरपूर कागद.

वरच्या पायऱ्यांवर क्लब लायसन्सिंग असतं. त्यात पाच गोष्टी तपासतात. खेळ, म्हणजे तुमचे वयोगटाचे संघ आहेत का. मैदान आणि सोयी. माणसं, म्हणजे परवानाधारक प्रशिक्षक, वैद्यकीय मदत, कार्यालयात बसणारं कुणीतरी. कायदेशीर बाजू, क्लब कुणाचा ते. आणि पैसा, हिशोब तपासून घेतलेले. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबांचं कार्यालय म्हणजे सचिवाच्या घरचं लोखंडी कपाट. त्यात जाळ्या, चेंडू, जुन्या शील्ड आणि पावती पुस्तक एकत्र असतं.

खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत करावी लागते, तिला सगळे सीआरएस म्हणतात. एक किस्सा सांगतो, क्लबचं नाव नको. बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो होतो, संघासोबत मी पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळायला. आमच्या गोलकीपरच्या आधारवर आधी त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखल्यावर आडनाव पहिलं आणि वडिलांचं नाव अर्धंच. नोंदणी अडकली. आदल्या रात्री लॉजच्या गॅलरीत बसून तो पोरगा मोबाइलवर दाखल्याचा फोटो मोठा करून करून बघत होता, जणू बघून बघून अक्षरं वाढतील. सकाळपर्यंत काही झालं नाही. राइट बॅकने ग्लोव्हज घातले. चार खाल्ले. पोराने ती मॅच बाकावर बसून, दुसऱ्याचा ट्रॅकसूट घालून बघितली. तेव्हापासून मी नव्या पोरांना पहिला प्रश्न पायाचा नाही, दाखल्याचा विचारतो.

ही 'बी टीम' काय भानगड होती?

२०१७-१८ पासून काही वर्षं आयएसएल क्लबांचे राखीव संघ सेकंड डिव्हिजनमध्ये खेळायचे. त्यांना वर जाता येत नसे. पोरांना मॅच मिळाव्यात एवढाच हेतू. टेबलात मात्र ते असायचे, आणि ज्याला वर जायचंय तो अशा संघाशी हरला तर पॉइंट जायचे ते जायचेच. मला ते कधी पटलं नाही. २०२२ पासून अशा पोरांसाठी रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग आहे.

रेलिगेशन, म्हणजे तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये पाठवणं, खरंच होतं का, की नुसतं नावाला?

बरीच वर्षं नावाला. वर आयझॉलचं बघितलंच. कोविडच्या हंगामांतही खाली कुणाला पाठवलं नाही. अलीकडे मात्र होतं. २०२२-२३ ला केंकरे आणि दिल्लीचा सुदेवा, २०२३-२४ ला मणिपूरचे नेरोका आणि ट्राऊ खाली आले. मणिपूर पेटलेलं, त्या हंगामात या दोघांना घरच्या मैदानावर खेळताच आलं नव्हतं. नियम नियमच, पण हे घसरणं बघून वाईट वाटलं. २०२४-२५ ला स्पोर्टिंग क्लब बंगळूर आणि दिल्ली एफसी.

बंगळूरचं बघा, २०२३-२४ मध्ये आय-लीग ३ मधून २ मध्ये आणि २ जिंकून थेट आय-लीगला, आणि पुढच्या वर्षी परत खाली. त्यांच्याच सोबत डेम्पोही तळातून असाच वर आला. पाच वेळचा राष्ट्रीय चॅम्पियन, चौथ्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करून.

आय-लीग जिंकणारा आयएसएलला जातो का?

जातो, पण फार उशिरा सुरू झालं. पहिला गेला पंजाब एफसी, २०२२-२३ ची आय-लीग जिंकून. पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. २०२४-२५ चा चॅम्पियन ठरवायला स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये त्यांनी इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला, तोवर करंडक गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या हाती देऊन झाला होता.

आणि २०२५ मध्ये वरच गडबड झाली. महासंघाचा २०१० चा पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला, नवा होईना, आयएसएल लांबली. वरच्या टाकीत पाणी नसलं की खालच्या नळाला हवाच येते.

स्लम सॉकर याच लीगमध्ये आहे का?

नाही. ते वेगळं काम, वेगळा रस्ता. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन ते सुरू केलं. त्यांचा संघ होमलेस वर्ल्ड कपला जातो. तो लहान मैदानावरचा, कमी खेळाडूंचा खेळ. २०१६ मध्ये फिफाने त्यांना पुरस्कार दिला. नागपूर फुटबॉलचं नाव जगात ऐकलं गेलं ते असं. लीगच्या जिन्याने नाही.

मुलींसाठी अशी खालची लीग आहे?

आहे. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून आणि तिची दुसरी पायरी, आयडब्ल्यूएल २, २०२३-२४ पासून. इथे निदान नाव आणि नंबर जुळतात.

बघायचं कुठे?

आय-लीग २ च्या मॅच महासंघाच्या यूट्यूब चॅनलवर फुकट दिसतात. कॅमेरा कधी एकच असतो, चेंडू थ्रो-इनला गेला की चित्रातून जातो, समालोचक दुसऱ्याच खेळाडूचं नाव घेतो. सवय होते.

आणि आपली लीग मोतीबागेवर, नॅरोगेज संग्रहालयाच्या जवळ. संध्याकाळच्या मॅचला ऊन तोंडावर येतं, म्हणून पश्चिमेच्या बाजूने, सूर्याकडे पाठ करून उभे राहा. पाण्याची बाटली घरूनच आणा. चुन्याच्या रेषेवर पाय ठेवू नका, लाइन्समन ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं. ती रेष त्यानेच सकाळी आखलेली असते.